मेन खाली करून बघा

विजेचं बिल नेहमीच्या तिप्पट आलं की खटला आधी घरातच उभा राहतो. आरोपी ठरलेले असतात. सासूबाईंचा गिझर, मुलाच्या खोलीत रात्रभर फिरणारा पंखा, सुनेचं वॉशिंग मशीन, सुट्टीला येऊन गेलेली नणंद आणि तिची मुलं. "मी सांगत होतो ना, दिवे मालवत जा," हे वाक्य कोणीतरी म्हणतंच, आणि म्हणणाऱ्याचा स्वतःचा फोन त्या वेळी चार्जिंगला लावलेला असतो. साक्षीपुरावे होतात, उलटतपासणी होते, शिक्षाही फर्मावली जाते: उद्यापासून गिझर दहाच मिनिटं. एवढं सगळं होतं, पण मीटर काय म्हणतो ते बघायला जिन्याखाली कोणी उतरत नाही.

खरं तर हिशेब अवघड नाही. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. दोन हजार वॉटचा गिझर रोज अर्धा तास लावला तर महिन्याला तीस युनिटं. पंच्याहत्तर वॉटचा पंखा रोज आठ तास फिरला तर महिन्याला अठरा. म्हणजे दीडशे युनिटांचं बिल सहाशेवर गेलं असेल, तर त्यात मुलाच्या पंख्याचा हात असूच शकत नाही. घरातल्या कोर्टात मात्र हे गणित कोणी मांडत नाही. जवळच्या माणसावर संशय घेणं सोपं जातं आणि छापील आकड्यावर घेणं जड जातं. मंडईत पावशेर मिरची घेताना तराजूच्या काट्यावरून डोळा न हलवणारी माणसं आपण. पण कागद कंपनीचा असला, त्यावर बारकोड असला आणि मुदतीची तारीख असली, की तो काटा कोणी धरला, कसा धरला, हे विचारावंसंच वाटत नाही.

मे २०१८ मध्ये औरंगाबादच्या एका भाजीविक्रेत्याला ८ लाख ६४ हजारांचं बिल आलं. त्या धसक्याने त्याने जीवन संपवलं. चौकशीत निघालं ते एवढंच: मीटरवर ६११७.८ असं रीडिंग होतं, नोंद ६११७८ अशी झाली होती. संबंधित कर्मचारी निलंबित झाला. बातम्या आल्या, हळहळ झाली, आणि विषय मागे पडला. मला त्या प्रकरणात चुकीपेक्षा दुसरीच गोष्ट छळते. चूक कोणाकडूनही होते, दशांशचिन्ह कोणाच्याही नजरेतून निसटतं. पण तो आकडा छापला गेला, पाकिटात गेला, वाटला गेला, आणि या साखळीत एकालाही वाटलं नाही की एवढ्याशा घरात एवढी वीज जाईल कशी. उभं आयुष्य तराजूसमोर काढलेल्या त्या माणसाला 'हे वजन चुकलंय' असं ठणकावून सांगता येण्यासारखी एकही खिडकी जवळची वाटली नाही.

बिल हे कंपनीचं म्हणणं असतं, निकाल नव्हे. म्हणणं तपासता येतं, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती बिलावरच असते. मागील रीडिंग, चालू रीडिंग, दोहोंतला फरक म्हणजे वापरलेली युनिटं, मीटर क्रमांक, मीटरची स्थिती, आणि मागच्या महिन्यांचा वापर दाखवणारा तक्ता. बिलावर मीटरचा फोटो असला तर उत्तमच. आपण बघतो ती फक्त शेवटची रक्कम. तिच्या आधीच्या ओळींत स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन असतं आणि त्यावर सरकारचं वीज शुल्क. या ओळी वाचताना डोकं गरगरतं हे मान्य. पण पहिल्यांदा बघायचं ते एकच: बिलावरचं चालू रीडिंग आणि आत्ता मीटरवर दिसणारं रीडिंग यांचा मेळ बसतो का? मीटर बिलापेक्षा मागे असेल तर बोलणंच संपलं.

स्थितीच्या रकान्यात 'लॉक' किंवा 'फॉल्टी' असं काही दिसलं, तर ते बिल मोजून आलेलं नसतं, अंदाजाने आलेलं असतं. दार बंद होतं, कुत्रं सोडलेलं होतं, मीटरच्या खोलीची किल्ली चेअरमनकडे होती आणि चेअरमन गावाला. सरासरीवर बिल निघतं. ग्राहकांच्या हक्कांविषयीचे केंद्राचे २०२० चे नियम सांगतात की एका आर्थिक वर्षात अशी दोनपेक्षा जास्त अंदाजे बिलं देता येत नाहीत, आणि आपत्तीसारखं कारण नसताना हे पुढे चालू राहिलं तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. हे वाक्य बहुतेक घरांना ठाऊकच नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात अख्ख्या महाराष्ट्राने सरासरीचा हिसका बघितला. टाळेबंदीत रीडिंग घेणं थांबलं. एप्रिल-मेची बिलं डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीच्या सरासरीवर निघाली, म्हणजे हिवाळ्याच्या मापाने उन्हाळा मोजला गेला, तोही सगळं घर चोवीस तास घरात असताना. जूनमध्ये रीडिंग सुरू झालं आणि राहिलेलं सगळं एकदम अंगावर आलं. लोक संतापले, नटनट्यांनीही आपापली बिलं जगाला दाखवली, मोर्चे निघाले. सवलतीच्या घोषणांची चर्चा होत राहिली आणि नोव्हेंबरात मंत्र्यांनी हात वर केले. तेव्हा फार थोड्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता: तीन महिन्यांची युनिटं एकत्र मोजली, पण टप्पे तीन महिन्यांचे धरले का? शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. साडेचारशे युनिटं एका महिन्याची म्हणून धरली तर वरच्या दरात जातात, तीन महिन्यांत वाटली तर महिन्याला दीडशेच राहतात. 'लूट आहे लूट' म्हणण्यापेक्षा हा प्रश्न बिनआवाजी होता आणि जास्त कामाचा होता.

इथे दोन रागांची नेहमी गल्लत होते. युनिटंच जास्त लागली आहेत हा एक राग. दरच फार आहे हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर बिलाच्या खिडकीत बसलेल्या कारकुनाकडे नसतं. दर वीज नियामक आयोग ठरवतो, त्यासाठी जाहीर सुनावण्या होतात, तिथे इचलकरंजीचे प्रताप होगाडे किंवा पुण्याच्या 'प्रयास'ची मंडळी वर्षानुवर्षं जाडजूड प्रस्ताव वाचून ग्राहकांची बाजू मांडत आली आहेत. आपण त्या सुनावणीकडे फिरकत नाही आणि दराचा राग कारकुनावर काढतो. तो बिचारा मग युनिटांची तक्रारसुद्धा त्याच कानाने ऐकतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना असंच बिल आलं. काका गेल्यापासून एकट्या राहतात. एक फ्रीज, दोन पंखे, संध्याकाळी मालिका. एरवी दीडशेच्या आतबाहेर युनिटं. मे महिन्यात सहाशे चाळीस. युनिटं चौपट झाली आणि रक्कम त्याहून कितीतरी जास्त फुगली, कारण टप्पे. काकूंना घरात दोष द्यायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःलाच दिला. "फ्रीजचं दार नीट लागत नसेल गं," असं म्हणत त्या दोन रात्री फ्रीजच बंद ठेवत होत्या. दूध नासलं ते वेगळंच.

आम्ही जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत गेलो. तिथे नेहमीचंच दृश्य. जळमटं, कोणाची तरी मोडकी सायकल, गणपतीच्या मखराचे थर्मोकोल, आणि लाकडी फळीवर ओळीने मीटर. फ्लॅटचे नंबर कधीकाळी रंगाने लिहिलेले, निम्मे पुसलेले. प्रत्येक मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो. वापर जास्त असला की भराभर, कमी असला की सावकाश. जुन्या मीटरमधली अ‍ॅल्युमिनियमची तबकडी फिरायची, तिच्यावरची काळी खूण पुन्हा कधी समोर येते ते आम्ही लहानपणी टक लावून बघायचो. ती तबकडी म्हातारी झाली की मंदावायची, आणि बारीकसारीक वापर तिच्या खिजगणतीत नसायचा. नवे मीटर आले तेव्हा ते 'पळतात' अशी जी ओरड झाली, तिच्यात एक न बोललेली गोष्ट ही होती, की जुने बऱ्याच घरी सवलतीने मोजत होते.

काकू वर गेल्या, मी खाली थांबले. फोनवर म्हटलं, "काकू, मेन खाली करा."

"केला गं."

"पंखा थांबला?"

"थांबला की. घाम फुटलाय मला."

काकूंच्या नावाच्या मीटरवरचा दिवा लुकलुकतच होता. चांगला भराभर. मेन खाली असताना आणि घरात काहीही चालू नसताना. वीज कुठेतरी गळत असावी असं आधी वाटलं. मग शेजारच्या मीटरकडे लक्ष गेलं. तो मघाशी सावकाश लुकलुकत होता, आता एकदम गप्प झाला होता. काकूंनी मेन वर केला आणि तो पुन्हा सुरू झाला. दोन-तीनदा करून पाहिलं. शंका उरली नाही. समोरच्या फ्लॅटची वीज काकूंच्या मीटरवर चालली होती आणि काकूंची समोरच्यांच्या. इमारतीच्या डागडुजीत मीटरची फळी बदलली तेव्हा वायरमनने दोन वायरी इकडच्या तिकडे जोडल्या असणार. दोन्ही घरांचा वापर साधारण सारखा, म्हणून इतकी वर्षं दोन्ही घरं एकमेकांची बिलं मुकाट्याने भरत होती. समोरच्यांनी एप्रिलमध्ये एसी बसवला आणि गाठ सुटली.

यातली गंमत अशी की समोरचे काका महिनाभर सोसायटीत सगळ्यांना सांगत होते, "इन्व्हर्टर एसी घ्या, बिल एक रुपया वाढत नाही." दोघातिघांनी त्यांच्या शब्दावर एसी बुकही केले होते.

कार्यालयात गेलो तर खिडकीतलं पहिलं वाक्य अपेक्षित होतं. "आधी बिल भरून टाका काकू, पुढच्या बिलात वळतं करून देतो." हे वाक्य ऐकून कितीतरी माणसं परत फिरतात, कोणी बांगडी मोडतं, कोणी पतपेढीतून उचल घेतं. २००३ च्या विद्युत कायद्याचं कलम ५६ मात्र निराळं सांगतं. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी. आणि बिलावर वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने महिन्याला येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. ही सोय कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही, संसदेने केलेल्या कायद्यात ती लिहून ठेवलेली आहे. काकूंनी अर्ज दोन प्रतींत नेला होता. एकावर तारखेसह पोच घेतली, सरासरीची रक्कम भरली. पोच मागितल्यावर कारकुनाचा सूर बदलला हे मी पाहिलं. वाईट अर्थाने नव्हे. तोंडी तक्रार त्याला दिवसाला पन्नास ऐकाव्या लागतात, त्यांचं तो काय करणार? कागद आला की तो कागद पुढे सरकवता येतो. त्यानेच साहेबांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, बिलदुरुस्तीचा बी-८० प्रस्ताव टाकावा लागेल म्हणून.

त्या खिडकीपलीकडच्या माणसांविषयी आपल्या मनात जो कडवटपणा असतो तो थोडा आवरता घ्यावा असं मला तिथे बसल्या बसल्या वाटत होतं. रीडिंग घेणारी पोरं बहुधा ठेकेदाराची. उन्हातान्हात दिवसाला शेकडो मीटर, प्रत्येक इमारतीत अंधारी खोली, प्रत्येक वाडीत एखादं तरी कुत्रं. चुका होतातच. संताप यावा तो चुकीनंतरच्या टोलवाटोलवीवर. तशी टोलवाटोलवी झाली तर पुढची दारंही आहेत: ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत. मंचापुढे आपण स्वतः उभं राहून बोलू शकतो, वकील हवाच असं नाही. आणि मीटरच पळतो असा संशय असेल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या त्याच नियमांत झालेली दुरुस्ती सांगते की अशी तक्रार आल्यापासून पाच दिवसांत कंपनीने दुसरा मीटर जोडून द्यायचा आणि निदान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून बघायचा. कुठलाही मीटर खोटं बोलतोय की नाही, हे ठरवायला याहून सोपी रीत सुचत नाही. आता स्मार्ट मीटरवरून गावोगाव जी भांडणं चालली आहेत, त्यात घोषणांपेक्षा या एका कलमाचा उपयोग जास्त होईल.

लाईनमन आला, अक्युचेक यंत्र लावून दोन्ही मीटर तपासले, दोन्ही अचूक. वायरी सरळ केल्या. इथवर गोष्ट कंपनीशी होती, ती आता समोरच्या दारापर्यंत आली. काकूंचं बिल खाली आलं म्हणजे समोरच्यांचं वर जाणार. ज्या दोन दारांमध्ये वर्षानुवर्षं वाट्यांची ये-जा होती, तिथे अचानक एक अवघडलेपण आलं. "आम्ही काही मुद्दाम केलं का?" समोरच्या वहिनी म्हणाल्या. "मी कुठे तसं म्हटलं?" काकू म्हणाल्या. दोघींचंही खरं होतं. मागच्या वर्षांचा हिशेब काढायचा का? त्यात काकूंच्या पदरात काही पडलं असतं, कदाचित काही जावंही लागलं असतं. काकूंनी मेपासूनच बघा म्हणून सांगितलं. समोरच्यांनी हप्ते बांधून घेतले. एसी अजून चालतो, जाहिरात तेवढी थांबली.

मला त्या सगळ्यात एक गोष्ट नीट दिसली, जी एरवी तक्रारीच्या आवेशात दिसत नाही. जास्त आलेलं बिल आपण तपासायला घेतो, कमी आलेलं घडी घालून ठेवतो. एसी लावूनही बिल वाढलं नाही, याचं नवल वाटायला हवं होतं. त्या घरात त्याचा अभिमान वाटला. त्यात त्यांचंच काही विशेष आहे असं नाही, आपण सगळे तसेच. कमी बिलाचा हिशेब मात्र कुठेतरी चालूच असतो. राजस्थानातल्या एका ग्राहकाला जुलै २००९ ते सप्टेंबर २०११ या काळात चुकीच्या दरवर्गाने बिलं गेली होती. चूक कंपनीची. मार्च २०१४ मध्ये फरकाची मागणी आली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं, दोन वर्षांची मुदत उलटल्यावर या वसुलीसाठी वीज तोडता येणार नाही, पण रक्कम दुसऱ्या कायदेशीर मार्गाने वसूल करायला कंपनी मोकळी आहे. म्हणजे चूक त्यांची, पण वापरलेली वीज आपली.

आमच्याच सोसायटीतले एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना एकदा शून्य युनिटांचं बिल आलं. फक्त स्थिर आकार. शेजारपाजारचे म्हणाले, नशीब काढलंत सर. सर सायकल काढून कार्यालयात गेले आणि 'माझ्या घरी वीज चालू आहे, बिल शून्य आले आहे, मीटर तपासावा' असा अर्ज देऊन आले. खिडकीतल्या माणसाला तो अर्ज कोणत्या फायलीत लावायचा तेच कळेना. "राहू द्या की सर, आम्ही बघू," तो म्हणाला. सरांनी पोच घेतली आणि घरी आले. मीटरचा डिस्प्ले गेला होता. तो बदलायला पाच-सहा महिने लागले, मग मागच्या सगळ्या महिन्यांचं एकदम बिल आलं, वर विलंब आकार लावून. सरांनी पोच दाखवली. विलंब आकार गेला, टप्पे महिन्यामहिन्यांत वाटले गेले, उरलेल्याचे हप्ते मिळाले. ज्यांनी नशीब काढलंत म्हटलं होतं, त्यांच्यातल्या एकाचा मीटरही पुढे तसाच बंद पडला. त्याने चार महिने कोणाला सांगितलं नाही. नंतर अर्ज कसा लिहायचा हे विचारायला तो सरांकडेच आला होता, पण तोवर पोच घेण्याची तारीख निघून गेली होती.